लग्नं तीन, तारीख एक : कोरियन नवऱ्याला कॅनडात स्पॉन्सर करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या मूळच्या पुण्याच्या. कोरियात सुवॉनला तीन वर्षं नोकरी केली, तिथेच नवऱ्याची ओळख झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात मंगलाष्टकं-सप्तपदी करून लग्न. जुलै २०२३ मध्ये एक्स्प्रेस एंट्रीतून, म्हणजे कुशल कामगारांच्या योजनेतून, त्या एकट्या कॅनडात पीआर (कायम रहिवासी) म्हणून उतरल्या. ऑक्टोबरमध्ये परत कोरियात जाऊन देगूच्या वेडिंग हॉलमध्ये दुसरं लग्न आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या कचेरीत नोंदणी. नवरा मार्च २०२४ मध्ये वर्किंग हॉलिडेवर, म्हणजे तरुणांना मिळणाऱ्या मुदतीच्या काम-परवान्यावर, टोरोंटोत आला, दोघं आता एकत्र राहतात, त्याचा परवाना येत्या मार्चमध्ये संपतोय. आता नवऱ्याच्या पीआरसाठी त्यांना स्पॉन्सर व्हायचंय, आणि हवी आहेत ती उत्तरं अशी: अर्ज कॅनडातला भरायचा की बाहेरचा, नवऱ्याची नोकरी चालू राहील का, उत्पन्न किती लागतं, आणि नातं खरं आहे हे पटवायला किती फोटो जोडायचे.

ताई, मी परवानाधारक सल्लागार म्हणून चौदा वर्षं हेच काम करतो आहे. तुमच्या फाइलमध्ये फोटो, उत्पन्न, नोकरी हे सगळं दुय्यम आहे. तुम्ही न विचारलेला एक प्रश्न आधी सोडवायला हवा: तुमचं लग्न नेमकं कोणत्या तारखेला झालं?

हसू नका. तुम्ही जुलै २०२३ ला पीआर झालात. तुमच्या तीन समारंभांपैकी एक त्याच्या आधीचा आहे आणि दोन नंतरचे. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीत ११७(९)(ड) नावाचं एक कलम आहे. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा: तुम्ही स्वतः पीआर होताना जो नवरा किंवा जोडीदार तुम्हाला होता, पण ज्याची माहिती तुम्ही दिली नाहीत आणि म्हणून ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे तुम्ही कुटुंब गटातून (फॅमिली क्लासमधून) कधीच स्पॉन्सर करू शकत नाही. लग्न कितीही खरं असो, संसार कितीही सुखाचा असो. कॅनडातून भरायच्या अर्जाला कलम १२५ मध्ये हेच कुंपण आहे. तेव्हा ‘बाहेरचा नाही तर आतला भरू’ अशी पळवाट नाही.

आणि एक्स्प्रेस एंट्रीच्या अर्जात तुम्ही काय लिहिलं होतं? तुम्ही सांगितलेलं नाही, पण एकट्या उतरलात म्हणजे ‘अविवाहित’ असंच असणार. मग आता फॉर्ममध्ये लग्नाची तारीख म्हणून फेब्रुवारी २०२३ लिहिलीत तर अधिकाऱ्याला फार डोकं चालवावं लागणार नाही. तुमचीच दोन विधानं शेजारी ठेवायची आणि फाइल बंद करायची.

आता दुसरी बाजू, आणि ती तुमच्या बाजूची आहे. कॅनडा परदेशातलं लग्न मानतो ते दोन अटींवर: जिथे झालं तिथल्या कायद्याने ते वैध हवं, आणि कॅनडाच्या कायद्यातही बसायला हवं. तुमच्या पुण्यातल्या लग्नाचं काय? हिंदू विवाह कायदा, १९५५, हा दोन हिंदूंमधल्या लग्नासाठी आहे. त्यात बौद्ध, जैन, शीखही येतात. पण तुम्ही लिहिलंय की नवऱ्याचा कुठलाच धर्म नाही, कोरियात अशी माणसं भरपूर आहेत. एक बाजू हिंदू नसेल तर या कायद्याखाली लग्न वैध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका हिंदू-ख्रिश्चन जोडप्याच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. पुण्यात तुमचं लग्न कायद्याने लागायचं तर रस्ता होता विशेष विवाह कायदा, १९५४ चा: दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, पुन्हा तीस दिवसांची वाट आणि मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. ते तुम्ही केलेलं नाही. तुमच्याकडे कार्यालयाची पावती आहे, गुरुजींनी सही केलेला कागद आहे आणि अंतरपाटाचे सुंदर फोटो आहेत. कायद्याच्या दृष्टीने तो एक समारंभ होता.

देगूच्या वेडिंग हॉलचंही तेच. ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना पटायला वेळ लागतो. कोरियात समारंभाने लग्न होत नाही. लग्न होतं ते ‘होनिन-सिंगो’ने, म्हणजे नोंदणीने. नवरा-नवरी आणि दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्यांचा अर्ज गू-छंगमध्ये, आपल्या वॉर्ड ऑफिससारख्या कचेरीत, दाखल होतो तेव्हा. कित्येक कोरियन जोडपी हॉलमध्ये लग्न करून महिनोन्महिने, कधी वर्षभरसुद्धा, नोंदणी करत नाहीत, घराच्या कर्जाच्या हिशेबाने तारीख ठरवतात. त्यांना त्यात वावगं वाटत नाही. म्हणजे तुमच्या कायदेशीर लग्नाची तारीख नोव्हेंबर २०२३, जी तुम्ही पीआर झाल्यानंतरची आहे. फॉर्ममध्ये लग्नाची तारीख म्हणून तीच जाईल.

पण म्हणून पुण्याचं लग्न लपवायचं नाही. आयएमएम ५५३२ या नात्याच्या माहितीच्या फॉर्ममध्ये समारंभ झाला का, कधी, किती माणसं होती, कोण होतं, हे सरळ विचारलेलं आहे. तिथे फेब्रुवारीचा समारंभ लिहायचा, ऑक्टोबरचाही लिहायचा, आणि सोबत एक पानाचं पत्र जोडायचं: पुण्यात धार्मिक विधी झाला, तो अमुक कारणाने भारतीय कायद्यात विवाह ठरत नाही, म्हणून जुलै २०२३ ला मी अविवाहित होते आणि तसंच लिहिलं. शक्य असेल तर पुण्यातल्या वकिलाचं मत लेटरहेडवर घ्या. अधिकाऱ्याला भारतीय विवाह कायदे पाठ असतील अशा भरवशावर राहू नका.

आणि हात जोडून एक सांगतो. घरच्यांच्या आग्रहाने किंवा एखाद्या एजंटाच्या सांगण्यावरून आता पुण्यात जाऊन फेब्रुवारीच्या तारखेचा नोंदणी दाखला काढून आणू नका. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली विवाह नोंदणीचे दाखले मिळतात, आणि ‘जेवढे कागद तेवढी फाइल मजबूत’ अशी आपली समजूत असते. इथे तो कागद तुमच्या विरोधातला पहिला साक्षीदार ठरेल. शिवाय नोंदणी हा झालेल्या विवाहाचा पुरावा. मुळात विवाहच कायद्यात बसत नसेल तर दाखल्याने तो बसता होत नाही. म्हणजे फायदा शून्य आणि नुकसान पुरेपूर.

बाकीच्या कागदांवरही नजर टाका. मार्च २०२३ मध्ये पासपोर्टवर नवऱ्याचं नाव घालून घेतलं होतं का? सुवॉनच्या कंपनीत विम्यासाठी ‘विवाहित’ लिहिलं होतं का? बँकेत? व्हिसाच्या एखाद्या अर्जात? असेल तर ते शोधून मला किंवा ज्यांच्याकडे फाइल द्याल त्यांना आधी दाखवा.

आता खरी अवघड गोष्ट. तुम्ही लिहिलंय, ‘सुवॉनला शेवटी शेवटी आम्ही एकत्रच राहत होतो.’ शेवटी शेवटी म्हणजे किती महिने?

कॅनडाच्या कायद्यात लग्न न करता नवरा-बायकोसारखे सलग एक वर्ष एकत्र राहिलेले जोडीदार ‘कॉमन-लॉ पार्टनर’ ठरतात. नोंदणी नको, विधी नको, बारा महिने पुरे. त्यामुळे पुण्याचं लग्न कायद्यात बसत नाही हे सिद्ध करून आपण पुढच्या दाराने सुटलो, तरी मागचं दार उघडं असू शकतं. तुम्ही जून २०२२ पासून एका घरात असाल, तर जुलै २०२३ ला तुम्ही अविवाहित नव्हतात, तुम्हाला कॉमन-लॉ जोडीदार होता, आणि तो जाहीर करायला हवा होता.

इथे माणसं स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतात. नातं खरं दाखवायच्या उत्साहात सगळं वाढवून लिहितात. सहा महिने एकत्र राहिलेली मुलगी लिहिते, ‘वी वेअर लिव्हिंग टुगेदर सिन्स २०२१’, कारण तिला वाटतं जितकं जुनं तितकं खरं. माझ्याकडे अशी एक फाइल नाकारल्यावर आली होती. त्या दोघांनी एक वर्ष काढलं होतं ते एकमेकांच्या घरी येऊन-जाऊन, दोन वेगवेगळ्या भाड्याच्या खोल्यांत. पण फॉर्ममध्ये ‘एकत्र’ असा एक शब्द पडला आणि तो शब्द पुसायला आम्हाला खूप दमछाक करावी लागली. उलट प्रकारही होतो: घरी आईबाबांना कळू नये म्हणून पत्ता मैत्रिणीचा दिलेला असतो आणि प्रत्यक्षात मुक्काम दुसरीकडे. कागद एक सांगतो, फोनमधले फोटो दुसरं.

म्हणून भाडेकरार काढा. तुमचा आणि त्याचा. कोरियात रहिवासी नोंदीत पत्ता बदलल्याची तारीख असते, तुमच्या परदेशी नोंदणी कार्डावरही पत्त्याचे बदल असतात. त्या तारखांवरून महिने मोजा. मनाने नव्हे, कागदाने. बारापेक्षा स्पष्ट कमी भरले, सात-आठ म्हणा, तर तसं लिहा, पुरावा जोडा आणि निश्चिंत व्हा. बारा किंवा जास्त भरले तर एकही फॉर्म भरू नका. इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा, माझ्यासारख्या सल्लागाराकडेही नको. कारण मग प्रश्न फक्त नवऱ्याच्या अर्जाचा राहत नाही. इमिग्रेशन कायद्यातलं माहिती दडवल्याचं कलम ४० तुमच्या स्वतःच्या पीआरपर्यंत पोचू शकतं, त्यात पाच वर्षांची बंदी आहे.

त्या परिस्थितीतही सगळं संपलेलं नसतं, हे सांगून ठेवतो. मानवतेच्या आधारावर कलम २५ खाली सूट मागता येते. दुसरं असं की ११७(९)(ड) चं कुंपण कुटुंब गटापुरतं आहे. तुमचा नवरा दीड वर्षाहून जास्त काळ इथे काम करतो आहे. ते काम कुशल श्रेणीतलं असेल तर वर्षभराच्या अनुभवावर तो स्वतः एक्स्प्रेस एंट्रीतून अर्ज करू शकतो. वर्किंग हॉलिडेवर केलेलं काम त्यात धरलं जातं. तुमच्या बाबतीत महिने कमी भरले तरी हा दुसरा रस्ता डोळ्यांसमोर असू द्या.

इथून पुढे मी महिने कमी भरले असं गृहीत धरून बोलतो.

आतला अर्ज की बाहेरचा? माझं मत बाहेरचा, म्हणजे फॅमिली क्लास. नावाने बिचकू नका. तो भरण्यासाठी नवऱ्याने देगूला परत जायची गरज नाही, तुमच्याजवळ टोरोंटोत राहून तो भरता येतो. दोन कारणं. एक, बाहेरचा अर्ज नाकारला तर तुम्हाला तीस दिवसांत इमिग्रेशन अपील विभागाकडे दाद मागता येते, तिथे माणसं समोर बसून ऐकून घेतात. आतल्या अर्जाला ती सोय नाही. पंधरा दिवसांत फेडरल कोर्टात न्यायिक पुनर्विलोकन, आणि तिथे नव्याने पुरावा देता येत नाही असंच समजा. दोन, आतल्या अर्जात नवरा कॅनडातच तुमच्याबरोबर राहणं ही अट आहे. मध्येच सासरे आजारी पडले, तो कोरियात गेला आणि लांबला तर फाइल डळमळते. पूर्वी लोक आतला अर्ज निवडायचे तो खुल्या, म्हणजे कोणत्याही मालकाकडे चालणाऱ्या, वर्क परमिटसाठी. २०२३ पासून बाहेरचा अर्ज भरून कॅनडात राहणाऱ्या जोडीदारालाही तो मिळतो, त्यामुळे ते आकर्षण उरलेलं नाही.

मार्चची तारीख मात्र घट्ट पकडून चाला. वर्क परमिटचा अर्ज करायला आधी पीआर अर्जाची पोच मिळालेली हवी. पोच यायला आठवडे लागतात, कधी महिने. अर्धवट फाइल परत आली तर सगळं पहिल्यापासून. म्हणून डिसेंबर उजाडायच्या आत फाइल जायला हवी. पोच आली की जुना परवाना संपायच्या आत खुल्या वर्क परमिटचा अर्ज, शुल्क १५५ अधिक १०० डॉलर. परवाना संपण्याआधी हा अर्ज गेला आणि नवरा देशाबाहेर गेला नाही, तर निर्णय येईपर्यंत तो जुन्या परवान्याच्या अटींवर काम करत राहू शकतो. मार्चपर्यंत पोचच आली नाही तर? मग पर्यटक म्हणून मुदतवाढ मागायची, पण तेवढे दिवस नोकरी बंद. कोरियन पासपोर्टला व्हिसा लागत नाही, ईटीए ही ऑनलाइन प्रवास-परवानगी पुरते, म्हणून ‘बाहेर जाऊन परत येऊ’ असा सल्ला ओळखीची माणसं देतात. परत आल्यावर तो पर्यटक असेल, कामगार नव्हे. बाहेर जाऊ देऊ नका.

पैशांचं लगेच सांगून टाकतो. जोडीदारासाठी किमान उत्पन्नाची अट नाही. तुम्ही सरकारी मदतीवर नसलात (अपंगत्वाची मदत चालते) आणि दिवाळखोरीत नसलात की झालं. ३० एप्रिल २०२४ ला ठरलेलं शुल्क असं: स्पॉन्सरशिप ८५, प्रक्रिया ५४५, पीआरचा हक्क ५७५, एकूण १,२०५ डॉलर, वर बायोमेट्रिक्सचे ८५. दर दोन वर्षांनी एप्रिलअखेर हे आकडे वाढतात. तीन वर्षांची हमी मात्र नीट वाचून सही करा. नवरा पीआर झाल्यापासून तीन वर्षं त्याने सरकारी मदत घेतली तर ती तुम्हाला फेडावी लागते, आणि मध्ये घटस्फोट झाला तरी ती हमी सुटत नाही. मुलीचे वडील म्हणून तुमच्या बाबांनी विचारलंय ते हेच, आणि त्यांनी विचारलं ते बरोबर केलं.

तुम्ही मॉन्ट्रियलला बदली घेण्याचा विचार करताय असं शेवटच्या ओळीत लिहिलंय. निकाल लागेपर्यंत घेऊ नका. क्वेबेकची स्वतःची वेगळी प्रक्रिया आहे आणि जून २०२४ ते जून २०२६ या काळासाठी त्यांनी कुटुंब अर्जांना संख्येची मर्यादा घातली.

आता कोरियन कागद. यात नवराच तुमचा खजिनदार आहे, पण त्याला बरोबर काय मागायचं ते सांगावं लागेल. कोरियात २००८ पासून जुनी घराण्याची नोंदवही गेली आणि माणसागणिक नोंदी आल्या. त्यातून तीन दाखले लागतील: मूळ दाखला, कुटुंब संबंधांचा दाखला, विवाह संबंधांचा दाखला. प्रत्येकाचे प्रकार असतात, ‘इलबान’ म्हणजे साधा आणि ‘सांगसे’ म्हणजे सविस्तर. नेहमी सांगसे काढायला सांगा. साध्या दाखल्यात फक्त आजची स्थिती दिसते. आधीचं लग्न, घटस्फोट, आधीची मुलं सविस्तर दाखल्यातच दिसतात, आणि अधिकाऱ्याला तेच पाहायचं असतं. साधा पाठवला की पत्र येतं आणि दोन महिने जातात. हे दाखले इंटरनेटवर फुकट निघतात, त्यामुळे सबब नाही.

भाषांतर नवऱ्याने करायचं नाही. त्याचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी घरच्यांचं भाषांतर चालत नाही. प्रमाणित भाषांतरकार घ्या, किंवा भाषांतरकाराचं शपथपत्र. आणि त्याला तुमच्या पासपोर्टची प्रत द्या. हे मुद्दाम सांगतो, कारण कोरियन लिपीत तुमचं नाव लिहिलं की त्याचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. तिथे ‘व’ नाही, त्याचा ‘ब’ होतो. वैशालीची बाइशाल्ली होते, देशपांडेबाई देस्युपान्दे होतात. भाषांतरकार कागदावर दिसतं तसं परत इंग्रजीत उतरवतो आणि दाखल्यावर तुमच्या नवऱ्याची बायको भलतीच कोणीतरी निघते. पासपोर्टचं स्पेलिंग वापरायला लावा. नवऱ्याच्या आडनावाचंही तेच. एकाच कोरियन आडनावाची इंग्रजीत ली, यी, री अशी तीन रूपं फिरतात.

तुमच्या सासूबाईंचं आडनाव सासऱ्यांपेक्षा वेगळं दिसेल, कारण तिथे बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत. आपल्या सवयीने ते ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

पोलीस दाखला काढताना त्यात मुदत संपलेल्या शिक्षांचाही समावेश हवा. कोरियात जुन्या किरकोळ शिक्षा काही वर्षांनी साध्या दाखल्यातून गळतात, कॅनडाला त्या दिसायला हव्या असतात. दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी केस असेल तर ती आत्ताच सांगा, कॅनडात तो गंभीर गुन्हा आहे. गेल्या दहा वर्षांत तो ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिला तिथलाही दाखला लागतो. रांजणगाव-चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेले कोरियन इंजिनिअर आणि त्यांच्या मराठी बायका अशा दोन फाइली मी केल्या आहेत. तिथे भारतातला पोलीस दाखला काढायला परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात खेटे घालावे लागले. तुमच्या नवऱ्याचा भारतातला मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा, त्यामुळे तुम्ही सुटलात.

सैन्याची नोकरी. कोरियन पुरुषांना ती इतकी स्वाभाविक वाटते की फॉर्ममध्ये लिहायचीच राहते. आपल्याकडे कोणी दहावीची परीक्षा ‘अनुभव’ म्हणून लिहीत नाही, तसं. आयएमएम ५६६९ या फॉर्ममध्ये सैन्य, पोलीस, नागरी संरक्षण दल, सगळं विचारलेलं आहे: शाखा, तुकडी, हुद्दा, तारखा, अधिकाऱ्यांची नावं. सक्तीची सेवा असली तरी लिहायची. काही मुलं सैन्याऐवजी सक्तीच्या पोलीस सेवेत जायची, ती पोलीस म्हणून लिहायची. नंतरची राखीव दलाची वर्षं आणि नागरी संरक्षणाचं वार्षिक प्रशिक्षणही एका ओळीत सांगा. तुकडीच्या कमांडरचं नाव आठवत नसेल तर सेवेचा दाखला मागवा आणि नाव आठवत नाही असं लिहा. रकाना कोरा सोडू नका. त्याच फॉर्ममधल्या गेल्या दहा वर्षांच्या तपशिलात एका महिन्याचीही फट नको. घरी बसलो होतो, तर घरी बसलो होतो असंच लिहायचं.

वैद्यकीय तपासणीची भीती बाळगू नका. जोडीदाराला ‘उपचाराचा खर्च फार’ या कारणाने नाकारता येत नाही. फक्त क्षयाचं लक्षात ठेवा. कोरियातलं क्षयाचं प्रमाण श्रीमंत देशांच्या मानाने बरीच वर्षं जास्त राहिलं आहे, आणि बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा डाग छातीच्या एक्स-रेवर दिसला की थुंकीची कल्चर चाचणी सांगतात, त्यात दोनेक महिने जातात. लहानपणी उपचार घेतले असतील तर ते कागद आत्ताच शोधून ठेवा.

आणि आता तुमचे फोटो. जास्तीत जास्त वीस, आणि चॅटची पानं दहा. एवढीच मर्यादा आहे, त्यामुळे काकाओटॉकचा दोन हजार पानांचा गठ्ठा पाठवायचा विचार सोडा. वीसही निवडून घ्या. माझ्या अनुभवात मंडपातल्या नवरा-नवरीच्या पोजपेक्षा दोन्हीकडची माणसं एका चौकटीत असलेला फोटो जास्त बोलतो. लग्नाआधी दोन्ही घरांच्या जेवणाची कोरियन बैठक असते, सांगग्यन्न्ये म्हणतात तिला. तुमचे आईबाबा देगूला गेले होते तेव्हा ती झाली असेलच, तो फोटो पहिला लावा. हॉलमधल्या लग्नानंतरचं प्येबेक, सासू-सासऱ्यांना वाकून नमस्कार करतानाचा, तो दुसरा. सुवॉनच्या घरातले स्वयंपाकाचे फोटो मात्र तारखा पाहून वापरा, वर काय बोललो ते आठवून.

एक पुरावा कोणी वापरत नाही आणि मला फार आवडतो. तुमच्याकडे आहेराची वही असेल. त्यांच्याकडेही हॉलच्या दारात टेबल मांडून पाकिटं घेतात आणि पाकिटावरची नावं वहीत उतरवतात. दोन्ही वह्यांचं एकेक पान, भाषांतरासह. खोटं लग्न करणारा माणूस मावसकाकांचे पाचशे एक लिहून ठेवत नाही.

तुमच्या आजीला लग्न पसंत नव्हतं आणि त्या आल्या नाहीत, हे लिहायचं का असंही विचारलंय. लिहा, दोन वाक्यांत. सगळे आनंदात होते असं लिहिलेल्या फाइली अधिकाऱ्याने रोज पाहिलेल्या असतात.

राहता राहिलं नात्याला दुजोरा देणारं सासूबाईंचं पत्र. कोरियनमध्ये लिहू द्या, भाषांतर जोडा. फक्त वय लिहू नका म्हणावं. जून २०२३ मध्ये कोरियाने कागदोपत्री वय मोजायची पद्धत जगासारखी केली, पण घरात अजून जुन्या हिशेबाने मुलगा एक-दोन वर्षांनी मोठाच असतो. आणि सासऱ्यांची जन्मतारीख भरताना नवऱ्याला तोंडी विचारू नका, दाखल्यावरची घ्या. जुनी माणसं तिथे चांद्र पंचांगाने वाढदिवस करतात आणि नोंदीतली तारीख निराळी असते. तुमच्या बाबांची तारीख कुठे लिहावी लागली तर तिथेही हाच नियम. त्यांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनचा आणि घरी दसऱ्याचा असेल, तर १ जूनच लिहा.